कोपऱ्यावरचा वाकडा पत्रा

आमच्या वाकोल्याच्या इमारतीत चौथ्या मजल्याचा पॅसेज काटकोनात वळतो. वळणानंतरची शेवटची खोली आमची. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला रस्त्याकडची खिडकी आहे, तिथून समोरच्या गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर दिसतो. खिडकीत उभं राहिलं की फोनवर फाइव्ह-जी पूर्ण, वळण घेतलं की काहीच नाही. या नव्या नेटवर्कच्या लहरी कोपऱ्यावरून फारशा वळत नाहीत, भिंतीतूनही नीट जात नाहीत. उजेडासारख्या सरळ जातात. हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मला वाटायचं, आमच्या खोलीचंच काहीतरी चुकतंय.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. लहरी ज्यावर आपटून परततील असा पृष्ठभाग वळणावर लावायचा आणि त्यांना आत आणायचं. मी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून पत्र्याचा उरलेला तुकडा मागून आणला. गाईड सर म्हणाले, "पत्रा ठोकून इंजिनिअर होणार का? एखादं ॲप तरी जोड त्याला." ग्रुपमधली बोरिवलीची मुलगी हसली. तिच्याकडे प्रत्येक खोलीत वायफाय होतं. हसली यात तिचं काही चुकलं असं नाही, पण मी ते विसरलेले नाही.

पत्रा लावायला मी आईचा छोटा आरसा वापरला. तो सुतळीने कोपऱ्यावर बांधायचा, आमच्या दारापर्यंत पळत जायचं, आरशात टॉवर दिसतो का बघायचं, परत येऊन बोटभर फिरवायचं. अख्खी दुपार गेली. शेवटी दारातून टॉवर दिसला, तेव्हा त्याच तिरक्या कोनात, दोन्ही भिंतींना एकेक खिळा मारून पत्रा टांगला. शेजारची मालवणी काकी बाहेर आली.

"काय गो, ह्यो पत्रो कित्याक लावलंस? नजर लागतली म्हणान?"

"नेटवर्कसाठी, काकी."

"मगे सरळ तरी लाव! दारू पिलेल्यासारखो उभो आसा."

मी हसले. आमच्या खोलीत पहिल्यांदा व्हिडिओ न अडकता चालला. आई तेव्हा कामावर होती. ती सांताक्रूझला चार घरी झाडूपोछा, भांडी करते. संध्याकाळी मी तिला फोन दाखवला, "बघ, पूर्ण!" ती म्हणाली, "झकास." तिरका का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग इंटर्नशिपची मुलाखत आली, घरून, व्हिडिओवर. नेटवर्कचीच कंपनी. बंद खोलीत एकटं बसा, कॅमेरा चालू ठेवा, असं मेलमध्ये होतं. ती मिळाली असती तर पुढे तिथेच नोकरी, असं सीनियर सांगायचे. आईने दोन घरी सुट्टी घेतली. मोठे साहेब घर बघणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिने पडदा धुतला, पंखा पुसला. मी आत शर्टाला इस्त्री करत होते. मुलाखत सुरू होताना ती दार ओढून, ओलं फडकं घेऊन पॅसेजमध्ये गेली आणि पुसून झाल्यावर काकीकडे जाऊन बसली.

तीन जण होते. पहिलाच प्रश्न, प्रोजेक्टबद्दल सांगा. मी सांगू लागले: कोन महत्त्वाचा असतो, थोडा जरी बदलला तरी... आणि समोरचे तिघे थिजले. मग चौकोन काळे. मी फोन घेऊन खिडकीकडे धावले. तिथे चपलांचं कपाट, सायकली, कुणाच्या तरी घरात मिक्सर. परत जोडलं गेल्यावर एक बाई इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला आधी कळवलं होतं ना? दोन प्रश्न विचारून त्यांनी आभार मानले.

परतताना पत्रा दिसला. लख्ख पुसलेला. एकाच खिळ्यावर, भिंतीला चिकटून, अगदी सरळ. आल्या लहरी तो आता खिडकीकडेच परत पाठवत होता.

"कोणी सांगितलं होतं तुला हात लावायला?" काकीच्या दारातच मी ओरडले. "तुला काय कळतं त्यातलं? लोकांची भांडी घासतेस ती घास ना!"

आईच्या हातात अजून फडकं होतं. "वाकडा होता गं," ती म्हणाली. "कामावर फ्रेम जरा वाकडी राहिली तर बाई ओरडतात."

काकीने दार लोटून घेतलं.

नकाराचा मेल चार ओळींचा होता. सरांनी प्रोजेक्टला पास करण्यापुरते मार्क दिले. परीक्षकांपुढे मी कोनावर वीस मिनिटं बोलले, आकृत्या काढल्या. त्यांतला एक जण फोन बघत होता, तरी मी त्याला दोनदा समजावलं.

पत्रा मी परत तिरका टांगला आहे. त्याच नेटवर्कवर आता दुसरीकडचे अर्ज भरते. मागच्या रविवारी मी आरसा घेऊन आईला म्हटलं, "ये ना, दाखवते तो वाकडा का आहे ते." ती पीठ मळत होती.

"असू दे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला काय कळतंय त्यातलं."

पॅसेज ती अजूनही पुसते. चपलांचं कपाट, खिडकीचे गज, दोन्ही भिंती. पत्र्यापाशी आली की फडकं उचलून घेते. त्याच्यावर आता धुळीचा थर आहे आणि कडांना माझ्या बोटांचे काळे ठसे. नेटवर्कला धुळीने काही होत नाही.