गुंड्याची शू

सकाळच्या उन्हात फरशीवर एक छोटंसं तळं चमकत होतं आणि त्याच्या काठावर आमचं दोन महिन्यांचं पिल्लू, गुंड्या, शेपूट हलवत उभं होतं. मी ओरडणारच होतो. पण त्याच्या तोंडावर चूक केल्याचा मागमूस नव्हता. उलट शाबासकी कधी मिळते, अशा नजरेने ते माझ्याकडे टक लावून बघत होतं.

आठवडाभर मी त्याला झोपून उठलं की, खाणं झालं की, खेळून दमलं की उचलून अंगणात नेतो. जास्वंदीपाशी उभं करतो आणि तान्ह्या बाळाला म्हणतात तसं लाडाने म्हणतो, “शूऽऽ.” त्याने केली की बिस्किटाचा तुकडा.

आज मघाशी बेल वाजली तसं ते भुंकायला लागलं. बायको फोनवर बोलत होती, म्हणून मी ओठांवर बोट ठेवून त्याला दटावलं, “शूऽऽ!”

बायको बाहेर आली, फरशी बघितली आणि हसत सुटली. “अहो, तुम्हीच तर सांगितलंत त्याला!”

खरंच की! गप्प बस आणि मोकळा हो, दोन्हीला आपल्याकडे आवाज एकच. मी जन्मभर शाळेत शिकवलं. वर्गात किती पोरांनी माझं असंच तंतोतंत ऐकलं असेल आणि वर छड्या खाल्ल्या असतील, कोण जाणे.

फडकं आणायच्या आधी मी बिस्किटांचा डबा उघडला.