दहा टक्क्यांवर घासाघीस

मार्केट यार्डातला गाळा मला हवा होता. सांगलीतली हळदखरेदीची चार वर्षांची नोकरी सोडली तीही त्याचसाठी. भविष्य निर्वाह निधी एकरकमी काढायचा, गाळा घ्यायचा आणि स्वतःची हळद विकायची, एवढाच बेत होता.

माझी सून सांगलीत करसल्लागाराकडे नोकरी करते. ती म्हणाली, "मामा, इथं तुमची पाच वर्षं भरली न्हाईत. आत्ता पैसे काढले तर दहा टक्के आधीच कापतील, वर उत्पन्नात धरून कर लावतील."

उभा जन्म शेतकऱ्यांशी घासाघीस करण्यात गेलेला मी बोलून गेलो, "पाच टक्क्यांवर येतील का बघ."

"आवं, तो कर हाय. हळदीचा सौदा न्हाई!"

मी भडकलो. तिने शांतपणे विचारलं, "कोरेगावचं जुनं फंडाचं खातं इकडं जोडलंत का?"

नव्हतं जोडलं. कोरेगावच्या मसाल्याच्या कारखान्यासाठी मी अकरा वर्षं गावोगाव फिरून आलं खरेदी केलं. मग मालकांनी स्वतःच्या मेहुण्याला माझा साहेब केलं. त्याला ओलं आलं आणि सुकं आलं यातला फरक कळत नव्हता. मी निघालो तो सांगून, की इथलं पाणीसुद्धा पिणार नाही. खातंही रागाने तिथंच सोडलं.

सून म्हणाली, ते जोडलं की सगळी नोकरी सलग धरतात, मग कर लागत नाही. पण तिने अर्ज केला तो अडकला. नोकरी सोडल्याची तारीख कारखान्याने चुकीची भरली होती आणि दुरुस्तीला मालकांचीच मंजुरी हवी होती. दोन दिवस मी घरात आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी तिने माझी पिशवी भरून दारात ठेवली. मी कोरेगावची एसटी धरली.

मालक थकले होते. म्हणाले, "काय रं गड्या, राग गेला का?"

"न्हाई. तारीख दुरुस्त करून पायजे."

"करतो की. आधी चहा घे."

"इथलं पाणी पीत न्हाई मी."

"मग चहाच घे म्हणतोय न्हवं?"

"अर्धा कप."

"पुरा."

"अर्धाच. न्हाईतर चाललो."

मालक मोठ्याने हसले आणि अर्ध्यावर तयार झाले. चहा येईपर्यंत त्यांनी कारकुनाकडून दुरुस्ती करून घेतली, मंजुरीही दिली.

खातं जोडलं गेलं. रक्कम पूर्ण मिळाली, कर कापला नाही. गाळ्यावर पहिलं पोतं उतरलं तेव्हा पूजा मी सुनेच्या हातून करवली. त्या दिवशी तिने मला घराबाहेर काढलं नसतं, तर मी रागातच दहा टक्के घालवून बसलो असतो. मालकांचेही उपकार मानतो. मेहुण्याचे नाही. कारखान्यातून निघताना मी मुद्दाम त्याच्या टेबलाशी थांबून आल्याचा आजचा भाव विचारला होता. त्याला सांगता आला नाही. सांगलीपर्यंतचा प्रवास फार सुखाचा झाला.