लाडकीचे कप आणि माझी शाल

माझा आयुष्यात एकदाच सत्कार झाला, आणि तो दुसऱ्याचा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी परळच्या एका लहानशा चिनी मातीच्या कारखान्यात देखरेखीला होतो. (देखरेख म्हणजे दुसऱ्याचं काम बसून बघणं!) तिथे डहाणूकडची लाडकी नावाची वारली बाई होती. नवरा माती कालवायचा, ही कपबश्या धुवायची. एकदा तिने गेरूच्या रंगाच्या कपावर पांढऱ्या रेघांनी नाच काढला. मधे तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेली माणसं. कप फिरवला की नाचही फिरायचा! मी मालकांच्या हातापाया पडून तिला रंगकामावर लावलं आणि तिच्या कपांचा एक संच लालबागला घरी आणला.

पुढे आमच्या चाळीत गिरगावच्या एका पुढाऱ्यांची सभा ठरली. चहा आमच्याकडचा, लाडकीच्या कपांतून. शेजारचे सावंतमामा सभेचे सर्वेसर्वा.

"मामा, ही चित्रं काढणारीला बोलवू या. तिचा सत्कार करा."

"करूया की! मराठी मातीतली कला!" मामा गरजले.

लाडकी नवं लुगडं नेसून आली, कडेला बसली. पुढाऱ्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप डोळ्यांसमोर धरला. "हे कुणी काढलं?"

"आमच्या वसंताच्या कारखान्यातलं!" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढाऱ्यांना 'वसंता' तेवढं ऐकू आलं. शाल माझ्या खांद्यावर!

"अहो, मी नाही!"

"काय हा विनय!"

"खरंच नाही हो! मला..."

"खरा कलावंत असाच!" हार पडला. तोंडात झेंडू गेला. तो थुंकून मी ओरडलो, "ही लाडकी! हिने काढलंय!"

पुढारी गहिवरले. "बघा! हाताखालच्या बाईलाही श्रेय देतो. केवढं मोठं मन!" आणि मग मराठी माणसावरच्या अन्यायावर ते जे सुटले! सगळ्यात जोरात टाळ्या लाडकी वाजवत होती.

सभेनंतर तिला घरी आणलं. आईने तिला चहा दिला. उंबऱ्याबाहेर, पोचे आलेल्या ॲल्युमिनियमच्या पेल्यात.

"आई, कप दे ना तिला!"

"कप पावण्यांक लागतत. आणि तिका काय ठावक, कप कसो धरूचो तो!"

लाडकीने ऐकलं. चहा संपवला, पेला स्वतः विसळला आणि पालथा ठेवला.

मी तिला जिन्यात गाठलं, शाल पुढे केली. "ही तुझी आहे. घे."

ती मागे सरली. "नको साहेब. माझे हातात पाहिली तर चोरली म्हनतील."

काही दिवसांनी नवराबायको गावी गेली ती परतलीच नाहीत. मालकांनी ते कप बंद केले. यथावकाश महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले. मला साधी रेघ सरळ मारता येत नाही, पण कुणाचं लग्न निघालं की दारावर गणपती काढायला बोलावणं अजून मलाच येतं. मी जातो. गणपती काढतो. लोक म्हणतात, "काय सुंदर मोर आलाय!" आणि मी हात जोडतो!