सारजाबाईंची कहाणी आणि जुईलीचा मथळा

माणच्या सारजाबाई श्रावणातल्या शुक्रवारी देवळात कहाणी सांगतात. सासूकडून मिळालेली तेवढीच एक इस्टेट विकायची राहिली होती. बाकी भातखाचरांवर काचेची ऑफिसं उभी राहिली, गोठ्याच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. मागच्या शुक्रवारी कहाणीला दोघी आल्या. त्यातली एक चप्पल शोधायला आली होती.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "वहिनी, कशापायी घसा शिणवताय? ह्या शुक्रवारी बाया न्हाई आल्या, तर पुढं स्पीकरवर रेकॉर्ड लावू."

"रेकॉर्ड ऐकाया तरी कोण येनार हाय?"

"न्हाई आलं तरी तिला वाईट वाटत न्हाई!"

हे सारजाबाईंना फार झोंबलं. त्यांनी ते जुईलीला सांगितलं. जुईली त्यांची भाडेकरू. बातम्यांच्या कुठल्याशा वेबसाइटवर ती मथळे लिहायची. बातमीत नसलेला जीव मथळ्यात ओतायचा, याचाच तिला पगार मिळायचा.

"काकू, तुमच्या कहाण्या भारी असणार. मथळे पडेल आहेत."

सारजाबाई भाजी निवडत कहाण्या सांगत गेल्या आणि पोरगी मोबाइलवर मथळे ठोकत गेली. 'आवडतीला महाल, नावडतीला गोठा! राजाचा दुटप्पीपणा उघड.' 'खाऊ खाल्ला सुनेनं, आळ उंदरांवर! उंदरांनी घेतलेला बदला पाहून हादराल.'

"अगं, उंदीर वाचत्यात व्हय हे?"

शेवटी गावाच्या ग्रुपवर एकच मथळा गेला : 'भरल्या पंगतीतून सख्ख्या बहिणीला उठवलं! माणचा तो भाऊ कोण? ऐका शुक्रवारी, देवळात.'

"माण कुटनं आलं गं? कहाणीत न्हाई."

"गावाचं नाव घातलं की लोक उघडतात, काकू."

जुईली बिचारी बाहेरची. इथं जमिनी विकताना घरोघरच्या बहिणींना गाडीत घालून आणलं होतं, हक्कसोडीवर सह्या घेतल्या होत्या आणि चहा पाजून परत सोडलं होतं, हे तिला काय माहीत? मथळा वाचून गावातल्या प्रत्येक भावाला वाटलं, हा आपलाच.

शुक्रवारी देऊळ ठेचून भरलं. चक्क गडीमाणसंही आली. दादासाहेब तर तरातरा थेट पुढं आले. सारजाबाई गडबडीत हातातल्या ताटलीतले तांदूळ सवयीनं वाटत सुटल्या. दादासाहेबांनीही भांडायला तोंड उघडता उघडता सवयीनंच हात पुढं केला आणि मूठ मिटली.

झालं! कहाणीचे तांदूळ मुठीत घेतले की संपेपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. दादासाहेब खाली बसले. त्यांचं तोंड तेवढं उघडंच राहिलं.

सारजाबाईंना आवाज सापडला. भावानं बहिणीला पंगतीतून उठवलं, तशी चुलीवरची पातेली गार पडली. किती जाळ घाला, भाताला उकळी येईना. गाव उपाशी. भाऊ धावत गेला, बहिणीला आणून पाटावर बसवलं, तेव्हा कुठं पाणी खदखदलं. कहाणी संपली. तांदूळ देवापुढं पडले.

दादासाहेबांची सून साधना हिनंच आधी विचारलं, "काकी, पर त्यो भाऊ कुन्या आळीचा?"

सारजाबाई 'अगं, कहाणीतला' असं म्हणणार होत्या. मग त्यांनी गच्च भरलेलं देऊळ बघितलं, दादासाहेबांचं घामेजलेलं कपाळ बघितलं.

"आज न्हाई सांगत. पुढल्या शुक्रवारी बघू कोन कुनाला घेऊन येतंय, मंग कळंल."

त्या आठवड्यात माणमधून बहिणींना धडाधड फोन गेले. भूगावहून, पौडहून, कुठून कुठून बहिणी आल्या. ज्यानं त्यानं आपापली बहीण सगळ्यांना दिसेल अशी पुढं आणून बसवली. रेकॉर्डचं नाव कुणी काढलं नाही. दादासाहेब बहिणीची पिशवी सांभाळत दारात उभे होते.

त्यांची बहीण सगुणाबाई ऐसपैस मांडी घालून बसली, मुठीत तांदूळ घेतले आणि म्हणाली, "वहिनी, आज जरा लांबवा कहाणी. दादा आज कितीबी वेळ थांबतुया."