खुदा हाफिजनंतरचं गाणं

केस वाढवायचे घरगुती उपाय मी फोनवर शोधत होतो. या वयात, या डोक्यासाठी. फोनला वाटलं असणार, गृहस्थाला केसांचं भलतंच वेड आहे. म्हणून त्यानं आपण होऊन एका गाण्याच्या व्हिडिओतले पाच केसाळ परदेशी पुरुष माझ्यापुढे उभे केले. पिंजलेल्या कापसासारख्या झिपऱ्या, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी. मी माणगावच्या एसटी स्टँडवर बसलो होतो, तो ताडकन उठलोच. या पाच जणांना मी शाळेपासून ओळखत होतो. नाव तेवढं माहीत नव्हतं.

आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, खाडीकाठी. शेजारच्या घरात माझा दोस्त राहायचा आणि त्याचे अब्बा कुवेतला. तेव्हा गावात फोन नव्हता. अब्बा कॅसेटमध्ये खुशाली बोलून ठेवत आणि गावी येणाऱ्या कुणाबरोबर ती धाडत. मग सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. मीही बसायचो, कारण कॅसेटबरोबर खजूर यायचा.

एकदा अब्बांनी कुणाची तरी गाण्यांची कॅसेट घेतली आणि तिच्यावरच आपलं बोलणं भरलं. वेष्टनावर हे पाच झिपरे, बँडच्या नावावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर उर्दूत लिहिलेलं, ‘घरासाठी’. अब्बांनी कौलं शाकारून घ्यायला सांगितलं, धाकटीच्या खोकल्याची चौकशी केली, “अच्छा, खुदा हाफिज” म्हटलं. खट्ट झालं आणि खाली उरलेल्या गाण्याच्या अर्ध्या ओळीतून एक माणूस जिवाच्या आकांतानं किंचाळला.

“या अल्ला!” दोस्ताच्या अम्मी ओरडल्या. “बंद करा रे! कोणाचा गळा कापतायत?”

आम्ही दोघं मात्र त्या किंकाळीवर जीव टाकून बसलो. दुपारी अम्मी निजल्या की कॅसेट लावायचो. पण बापाचं बोलणं मध्येच पुढे पळवायचं म्हणजे बेअदबी, त्यामुळे दर वेळी आधी अब्बांना पूर्ण ऐकायचं. ते बोलत असेपर्यंत दोस्त मांडी घालून ताठ बसायचा. खुदा हाफिज झालं की दोघंही उठून माकडांसारखे नाचायचो.

नाव कळावं म्हणून मी ती पट्टी सोलली, तर नावासकट कागदच निघाला. मग त्यांच्यासारखे केस तरी करू म्हणून आईनं ठेवलेली घट्ट पेज डोक्याला चोपडली. केस उभे राहिले, हे खरं. माश्याही आल्या. “पेज प्यायची असते रे, मेल्या,” आई म्हणाली, “आता डोकं खरवडून खा!” दोस्तानं मला सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाला, “हिरो न्हाय रे, सांडगा दिसतोयस.”

पुढे कॅसेटला बुरशी लागली. दोस्तही कुवेतला गेला. अब्बा कायमचे परत आले, आणि वारले. घराला कुलूप लागलं. आमच्यातलं बोलणं आटत आटत ईदला मी चंद्राचा फोटो पाठवायचा नि दिवाळीला त्यानं पणतीचा, इतकंच उरलं. एका ईदला मी चुकून त्यालाच त्याचा पणतीचा फोटो पाठवला. त्यानं त्यावरही अंगठा दाखवला. एक शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

तर स्टँडवर मी ते गाणं लावलं. सुरुवातीला पियानो, मग हळुवार, रडवेला आवाज. आमच्या किंकाळीआधी एवढं काही होतं, याचा मला पत्ताच नव्हता. लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुण्याशेजारी बसल्यासारखं वाटलं. तरी मी ते दोस्ताला पाठवलं. निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही. हाही अंगठाच दाखवणार, असं वाटून मी फोन खिशात टाकला, तेवढ्यात तो वाजला.

“टकल्या, हे कोण रडतंय रे सुरुवातीला?”

“आपलंच गाणं आहे. पूर्ण.”

“हे आपलं न्हाय. आपलं मधनं सुरू होतं.” तिकडे रिमोट खुटखुटला. “टीव्हीवर लावलंय मी. किंकाळीपाशी आणून ठेवलंय. पण आधी अब्बांना बोलू दे.”

आम्ही दोघंही गप्प राहिलो. कौलं, खोकला, सगळं होईस्तोवर. मी स्टँडवर ताठ बसलो होतो.

“हां, आता,” तो म्हणाला, आणि तिकडून अरबीत दुधाच्या पावडरीची जाहिरात सुरू झाली. तो असा हसला की हसून हसून मलाही ठसका लागला. मग किंकाळी आली, आणि फोन कानाला लावून मीही तिच्यात सूर मिसळला. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

गाणं संपलं. फोन कुणीच ठेवला नाही.

“कधी येतोस?” मी विचारलं.

“बघू. पोरांच्या शाळा हायत.” मग म्हणाला, “मागं काय ओरडतायत रे? म्हसळ्याची गाडी लागली काय?”

“लागली.”

“जरा फोन तिकडं धर ना.”

मी हात लांब करून फोन गाडीकडे धरला. इंजिन घरघरत होतं. कंडक्टर दारातून ओरडला, “ओ काका, चढताय काय?”

मी दुसऱ्या हातानं त्याला पुन्हा ओरडायची खूण केली.