पाणी संपेपर्यंत

"मावशी, आई उठत नाहीये... प्लीज कम." ईराचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच धावले. इथे आखातात, अल मुंतझा वस्तीत आमच्या इमारती समोरासमोर. वसुधा खुर्चीत होती, चष्मा नाकावर, मांडीवर ग्रीकांवरचं पुस्तक. दीड महिना झाला, अजून त्या खुर्चीकडे पाहवत नाही.

वसुधा इथल्या शाळेत इतिहास शिकवायची. जीव मात्र प्राचीन अथेन्सच्या कोर्टात अडकलेला. तिथे ज्याचं भांडण त्यानेच उभं राहून बोलायचं, वेळ मोजायला पाण्याने भरलेलं भोकाचं मडकं; पाणी गळून संपलं की बोलणं संपलं. साक्ष वाचली जाताना तेवढं भोक बंद करायचे, म्हणजे बोलणाऱ्याचं पाणी वाया जात नसे. दर शुक्रवारी ती आम्हा चार-पाच बायकांना वारसाहक्काचे खटले लढायला लावी. घड्याळ म्हणून कपडे वाळत घालायच्या स्टँडला टांगायची माहेरची तांब्याची गळती, महादेवाच्या पिंडीवरची. "अगं, देवाची वस्तू ती!" मी ओरडायचे. "महादेवालाही खरं बोललेलं आवडतंच की," ती म्हणायची. बहुतेक खटल्यांत दत्तक मूल एकीकडे, रक्ताचे नातेवाईक दुसरीकडे आणि दोघांचंही म्हणणं एकच : मेलेल्याला मी पोचवलं, म्हणून वारस मी. अगदी आपल्यासारखंच, म्हणून आम्ही हसायचो.

वसुधा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकहून तिचा भाचा निखिल आला. देह नाशिकला न्यायचा यावर दुमत नव्हतं. पण बॅग खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "अग्नी मी देणार. बाबांनी सांगितलंय. दत्तक ती दत्तकच." ईराचा चेहरा पांढराफटक पडला. चार वर्षांची असताना वसुधाने तिला घेतलं होतं. बिनलग्नाच्या बाईने मूल घेतलं म्हणून याच बाबांनी बहिणीशी बोलणं टाकलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघं एकदमच बोलू लागले, तो मराठीत, ती इंग्रजीत. आवाज चढत गेले. मी उठले, गळती भरली, टांगली, खाली पातेलं ठेवलं. "एकेकाने बोला. पाणी संपेपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही." साक्षीचा नियमही सांगितला.

"काकू, हा काय पोरखेळ?"

"आत्याच्या घरात आत्याचा कायदा."

निखिल बोलला. रक्त, घराणं, आजोबांचं नाव... पाणी संपलं तरी त्याचं संपेना, तेव्हा मी हात वर केला. गळती पुन्हा भरली. ईरा उभी राहिली, आणि चक्क मराठीत बोलू लागली. "आई म्हणायची, मराठीत भांड, म्हणजे खरं भांडशील. रोज तिचे पाय मी चेपायचे. त्या सकाळी चहा नको म्हणाली. मी... मी ऑफिसला गेले. परत आले तर..." पुढे तिला बोलवेना. पातेल्यात थेंब पडत राहिले. गळती निम्मी झाली, निम्म्याहून कमी झाली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण नियम मीच घातलेला. तेवढ्यात निखिल उठला. मला वाटलं, हा आता निघाला. तो स्टँडपाशी गेला आणि गळतीच्या भोकावर त्याने बोट दाबून धरलं.

"बोल तू," तो म्हणाला. "ही साक्ष आहे."

नाशिकला गोदेकाठी खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती ईराच फिरली. प्रत्येक फेरीला त्या मडक्याला दगडाने भोक पाडलं ते निखिलने.

गळती आता माझ्याकडे आहे. परवाच्या शुक्रवारी बायका जमल्या, ईराही आली. पहिलं कोणी बोलायचं, म्हणून सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मी गळती भरली आणि म्हटलं, ही पाळी वसुधाची... मग पाणी संपेपर्यंत कोणीच मध्ये बोललं नाही.