कोळशाची नळी

अण्णा माझा थोरला भाऊ. वळसंगच्या कोरडवाहू रानात घरची चार पोटं भरेनात, म्हणून त्यानं सातवीतून शाळा सोडली आणि सोलापुरात चादरीच्या मागावर उभा राहिला. मी बी.ए. झालो तो त्याच्या मजुरीवर. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आजही मान वर करून सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात अण्णाला कावीळ झाली. आमच्या आईनं, अव्वानं, त्याला गावी नेऊन वैदूकडून मुळीचा रस पाजला. आठव्या दिवशी तो मला ओळखेना. मी अव्वावर ओरडलो आणि त्याला घेऊन सोलापुरातलं एक मोठं इस्पितळ गाठलं.

डॉक्टरांनी अण्णाला हात पुढं धरायला सांगितलं. पंजे नुसते फडफडत होते. "हिपॅटिक कोमाची सुरुवात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे यकृत बंद पडतं, रक्तातलं विष साफ होत नाही, ते मेंदूत चढतं आणि माणूस बेशुद्धीत जातो.

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. मला खुर्ची दिली. "तुम्ही ग्रॅज्युएट आहात, तुम्हाला समजेल." उपचाराचं नाव हीमोपर्फ्युजन. रक्त पंपानं बाहेर काढायचं, करवंटीच्या कोळशानं भरलेल्या नळीतून सोडायचं, परत अंगात घालायचं. "यकृत सावरेपर्यंत त्याचं काम हे यंत्र करील." समोरच्या इंग्रजी कागदावर मी झोकात सही केली. प्रश्न एकही विचारला नाही.

अव्वा बाहेर बाकड्यावर बसली होती.

"कोळशातनं रगात? काळं न्हाय का व्हायचं?"

"न्हाय गं. बरा होईस्तोवर गाळत राहणार. अण्णा वाचतोय, माझा शब्द."

यंत्र चार तास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णानं डोळे उघडले. "मल्ल्या, लेका, हितं काय करतोस? हापिसाला दांडी मारलीस व्हय?" अव्वा हसता हसता रडायला लागली. डॉक्टरांनी फोटोग्राफर बोलावला आणि अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

संध्याकाळपासून अण्णा पुन्हा बरळू लागला. यंत्र लावा म्हणून मी सगळ्यांच्या मागं लागलो. डॉक्टर काही वॉर्डात फिरकले नाहीत. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी मला जिन्याजवळ थांबवलं. "नळी एकदाच वापरता येते. परदेशातून एकच आली होती. साहेबांना माहीत होतं."

तिसऱ्या दिवशी अण्णा गेला.

मी डॉक्टरांना त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, "एकच नळी आहे हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

"केली असती. आईला शब्द दिला नसता."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

अव्वा घरी आल्यावर म्हणाली, "वैदूनं सरळ सांगितलं हुतं, माज्या हातातलं न्हाय आता, सोलापूरला न्या. तू तर शिकलेला की रं."

यंत्राला मी दोष देत नाही. त्यानं अण्णाची एक सकाळ आम्हाला दिली. पण तुमच्या माणसावर अशी वेळ आली तर विचारा, हे किती वेळा लावता येईल? पुढं काय? उत्तर मराठीत मागा. शिकलेले असाल तर अंमळ जास्तच मागा, कारण न समजताही मान डोलवायची खोड आपल्यालाच असते.

मी इस्पितळाच्या विश्वस्तांना पत्रं लिहीत राहिलो, दोनदा बैठकीच्या दारात जाऊन बसलो. आता तिथं सहीचा कागद मराठीत मिळतो. यंत्र किती वेळा लावता येईल, हा आकडा घरच्यांच्या सहीआधी डॉक्टरांना स्वतःच्या हातानं त्यात लिहावा लागतो.